केतकीचे केस आणि रीडिंगची माई

मिल्टन कीन्स

हिथ्रोवर केतकी मला घ्यायला आली ती पांढरी पँट, पांढरा सदरा आणि डोक्याला घट्ट बांधलेला पांढरा रुमाल अशा वेषात. आजूबाजूच्या आया आपापल्या मुलांना मिठ्या मारत होत्या. मी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "केस आहेत ना अजून?"

तिनं रुमाल सोडून दाखवला. होते. लांबलचक वेणी आत गुंडाळून ठेवली होती.

"आज शुक्रवार," ती म्हणाली. "शुक्रवारी आम्ही पांढरं घालतो."

"आम्ही म्हणजे कोण?"

"आई, इथं नको. घरी चल."

परत आल्यापासून मिरजेत जो तो विचारतोय, राणीचा राजवाडा बघितला का, ते मोठं घड्याळ बघितलं का. नाही बघितलं. मी इंग्लंडला राजवाडे बघायला गेलेच नव्हते. माझी एकुलती एक मुलगी तिथं डोकं भादरून घेणार होती, ते थांबवायला गेले होते.

आमचा जावई अनिरुद्ध दोन वर्षांपूर्वी गेला. मिल्टन कीन्समध्ये सायकलींसाठी आणि पायी चालणाऱ्यांसाठी लाल रंगाचे वेगळे रस्ते आहेत. त्यातल्याच एकावर सकाळी पळायला म्हणून गेला आणि तिथंच कोसळला. चाळिशीही आली नव्हती. तेव्हा मी तीन महिने तिच्याजवळ राहिले होते. मग तिनंच मला गोड बोलून परत पाठवलं. त्यानंतर व्हिडिओ कॉलवर हळूहळू गळ्यात मण्यांची माळ दिसायला लागली, बोलण्यात कुणी एक माई यायला लागली, आणि या उन्हाळ्यात तिनं सरळ सांगून टाकलं, "आई, मी दीक्षा घेतेय. काही आठवडे माईच्या घरी राहायचं, डोक्यावरचे केस काढायचे आणि पुढं वर्षभर पांढरं नेसायचं."

नवरा गेलेली बाई. डोकं भादरलेलं. पांढरी वस्त्रं. मी फोन ठेवला आणि त्याच दुपारी तिकीट काढायला लावलं. आमच्या ह्यांचे गुडघे विमानात बसण्यासारखे राहिलेले नाहीत, म्हणून एकटीच निघाले. निघताना हे एवढंच म्हणाले, "भांडू नकोस. पण तिला घेऊनच ये."

मिल्टन कीन्स हे गाव आधी कागदावर काढलंय आणि मग त्यात माणसं आणून ठेवलीत. चौक म्हणून नाहीच, गोल वळसे तेवढे. एका वळशातून सुटलं की दुसरा. मोठ्या रस्त्यावर पायी चालणारं माणूस दिसलं तर गाडी बिघडली असावी असं वाटतं. केतकी तिथं एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे, दोन दिवस ऑफिस आणि तीन दिवस घरून काम. घर नीटनेटकं. पण मी सारी नोकरी मिरजेत पॅथॉलॉजी लॅबमध्ये केली. नमुना नीटनेटका दिसतो म्हणून तो चांगला असतो, यावर माझा विश्वास नाही. ती अंघोळीला गेल्यावर मी फडताळं उघडून बघितली. वरच्या कप्प्यात एक पांढरं एनॅमलचं भांडं होतं, पाण्यानं भरलेलं, त्यावर पांढरं कापड. मी वास घेतला. नुसतं पाणी होतं, पण म्हणून माझा संशय काही कमी झाला नाही.

संध्याकाळी तिची ऑफिसातली मैत्रीण ताईस आली. ही ब्राझीलची. सगळ्याचं मूळ तिच्यात आहे हे मला माहीत होतं, त्यामुळं मी तिच्यासाठी चेहरा तयार ठेवला होता. पण तिनं येताना गरम वडे आणले होते. चवळी भिजवून, सालं काढून, वाटून केलेले. तळलेले मात्र पामच्या लालभडक तेलात, ज्याचा वास दुसऱ्या दिवशीपर्यंत पडद्यांना येत होता. "यात सुकी कोळंबी भरतात, पण तुमच्यासाठी वेगळे काढलेत," ती इंग्रजीत म्हणाली. मी एक फोडून आत काय आहे ते बघितलं आणि मगच खाल्ला. चांगला होता. दुसराही चांगला होता.

खाता खाता दोघींनी मला समजावलं. या पंथाला कांदोंब्ले म्हणतात. आफ्रिकेतून धरून गुलाम म्हणून ब्राझीलला नेलेल्या माणसांनी आपले देव मनात लपवून नेले, आणि मालकाच्या धाकानं चर्चमधल्या संतांच्या आड ठेवून पुजले. त्या देवांना ओरिशा म्हणायचं. कुणी वाऱ्याची देवी, कुणी नदीची, कुणी लोखंडाचा देव. प्रत्येक माणसाच्या डोक्यावर एकेका ओरिशाचा हक्क असतो. केतकीच्या डोक्यावर म्हणे यान्सा, वाऱ्यावादळाची देवी, जिला मेलेल्यांची भीती वाटत नाही.

गुलामांची हकिगत ऐकून मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण हकिगत दुःखाची आहे म्हणून देव खरा ठरत नाही. आणि मेलेल्यांना न भिणारी देवी नेमकी नवरा गेलेल्या बाईच्याच वाट्याला येते, यात मला त्या माईची हुशारी दिसली.

"दीक्षेनंतर काय काय पाळायचं?" मी विचारलं.

केतकीनं सांगितलं. गर्दीत जायचं नाही, डोकं झाकायचं, आरशात बघायचं नाही, चटईवर बसून हातानं जेवायचं.

"हातानं जेवायचं हेही व्रत?"

"इथं कठीण असतं ते, आई."

मला हसू आलं होतं, पण मी ते दाखवलं नाही.

रीडिंग

माईचं घर रीडिंगला. स्टेशनच्या बाजूला काचेची ऑफिसं, त्यातून डबे घेऊन बाहेर पडणारी आपली मुलं, आणि त्यापलीकडं एकसारख्या जोडघरांची रांग. मी मनात काळोखी खोली, धूर आणि कवट्या धरून गेले होते. दार उघडलं साठीच्या, ठेंगण्या, चष्मा लावलेल्या बाईनं. नाव इरासी. आठवडाभर ती दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर बसते. पोर्तुगीजमध्ये आईला जो शब्द आहे तो कानाला आपल्या माईसारखाच लागतो, आणि केतकी तिला त्याच शब्दानं हाक मारत होती. मला ते मुळीच आवडलं नाही.

त्याहून आवडलं नाही ते पुढचं. केतकी दारातच सरळ जमिनीवर पालथी पडली आणि तिनं त्या बाईला लोटांगण घातलं. लग्नात सासूसासऱ्यांना वाकून नमस्कार करायचा तर हिचं तोंड वाकडं झालं होतं.

मी टॉयलेटला जायचं निमित्त करून मागच्या बागेत डोकावले. कोंबडी बकरी बांधलेली असणार अशी माझी खात्री होती. शेडमध्ये गवत कापायचं यंत्र होतं आणि एक तीनचाकी सायकल. आत आल्यावर इरासीबाई म्हणाली, "इथं आम्ही कुठलाही प्राणी मारत नाही. फळं, धान्य, फुलं." म्हणजे तिनं मला खिडकीतून बघितलं होतं. ही बाई लक्ष ठेवून असते, मी मनात टिपून ठेवलं.

मग कवड्या. आपल्याकडं कोकणात देवाला कौल लावतात, तसा इथं कवड्यांचा कौल. गोल सुपलीत मण्यांच्या माळा मांडलेल्या, मध्ये कवड्या टाकायच्या, उताण्या किती आणि पालथ्या किती ते बघून बाई बोलते. केतकीला तिनं बाहेर बसवलं. खोलीत आम्ही दोघीच. तिचं इंग्रजी माझ्याइतकंच सावकाश, त्यामुळं आमचं चांगलं जमलं.

"काय विचारायचंय?"

मी घरूनच ठरवून आले होते. "माझा मुलगा नागपूरला आहे," मी म्हटलं. "त्याचं पोट सारखं दुखतं. काय करावं?"

मला मुलगा नाही. केतकीच्या आधीही कुणी नाही, नंतरही नाही.

तिनं कवड्या हातात घोळवल्या, टाकल्या, बघितल्या, पुन्हा टाकल्या. मला वाटलं, हिची चोरी धरायला आले आणि आता मीच सापडणार. पण ती म्हणाली, "डॉक्टरला दाखवा. उशीर करू नका. आणि त्याच्या जवळची एक बाई त्याच्यावर जळते." शिवाय माझ्याकडं बघून, "तुम्हाला झोप नीट लागत नाही."

झोपेचं तर माझ्या वयाच्या कुठल्याही बाईला सांगावं. मी तिचे आभार मानले आणि ताठ मानेनं बाहेर आले. गाडी रस्त्याला लागेपर्यंतही मला दम निघाला नाही. केतकीला सगळं सांगून टाकलं. "नसलेल्या मुलाला डॉक्टरकडं पाठवतेय तुझी माई. हिच्या हातात तू डोकं देणार?"

मला वाटलं ती खजील होईल. ती चक्क हसली.

"तू खोटं सँपल दिलंस, आई."

"त्याला कंट्रोल म्हणतात. लॅब बरोबर सांगते का ते तपासायला देतातच."

"बरं. मग तुझ्या लॅबमध्ये मी दुसऱ्याच्या नावाची चिठ्ठी लावून रक्त दिलं असतं, तर तू काय रिपोर्ट दिला असतास?"

चिठ्ठीवरच्या नावानंच रिपोर्ट गेला असता. पण हे काही मी कबूल केलं नाही. असलं उत्तर हिला कुणीतरी शिकवून ठेवलं असणार, असं मला वाटलं आणि तसं बोललेही.

"माईचं कधीकधी चुकतं," केतकी म्हणाली. "मी भविष्य विचारायला जात नाही गं तिच्याकडं."

"मग कशाला जातेस?"

पुढं मोठा गोल वळसा आला आणि तिनं त्याचं निमित्त करून उत्तर टाळलं.

रीडिंग, दुसऱ्यांदा

पुढच्या रविवारी दुपारी ओमोलूचा उत्सव होता. ओमोलू हा रोगांचा देव, त्यातही देवीच्या रोगाचा. अंगभर व्रण असलेला, म्हणून तोंड झाकून वावरणारा. तोच रोग देतो आणि तोच बरा करतो. आपल्याकडं मरीआई आहे, पटकीची, देवीची साथ आली की लोक तिची विनवणी करायचे, तीच ही समजूत. आणि या ओमोलूला काय वाहायचं, तर लाह्या. त्याही तेलात नाही, वाळूत भाजलेल्या, वर खोबऱ्याचे काप. मिरजेत आमच्या गल्लीच्या टोकाला भडभुंज्याची भट्टी होती, तिथं अशाच कढईतल्या तापल्या वाळूत लाह्या फुटायच्या. इथली वाळू मात्र बागकामाच्या दुकानातली, लहान मुलांच्या खेळण्यासाठीची. ती धुऊन घेतली का, हे मी दोनदा विचारलं.

उत्सवाला त्यांनी एक कम्युनिटी हॉल भाड्यानं घेतला होता. भिंतीवर बाळांच्या गाण्याच्या वर्गाची चित्रं, कोपऱ्यात एकात एक रचलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या. तीस पस्तीस माणसं असतील, बहुतेक ब्राझीलची, काही गोरी, काही काळी, आणि पांढऱ्या घेरदार परकरात माझी मुलगी. तीन ढोल होते, पण शेजाऱ्यांची तक्रार येऊ नये म्हणून खिडक्या बंद आणि हात आवरता. त्यातच ताईसनं पानांचा धूर फिरवला आणि छतावरचा अलार्म किंचाळायला लागला. ढोल थांबले नाहीत. ताईस खुर्चीवर चढून भांडी पुसायच्या फडक्यानं अलार्मला वारा घालत राहिली. देवळात आरतीच्या वेळी लाइट जावेत आणि लोकांनी तसंच म्हणत राहावं, तसं चाललं होतं.

मग एकाच्या अंगात आलं. उंच, धिप्पाड माणूस, एरवी लोकांचे बॉयलर दुरुस्त करतो म्हणे. त्याला आत नेऊन डोक्यापासून पायापर्यंत गवताच्या झालरीनं झाकून आणलं. चेहरा दिसेना. तो वाकून, थरथरत, पाय ओढत नाचायला लागला.

अंगात येणं मी लहानपणापासून बघत आलेय. खरं आणि खोटं ओळखायच्या माझ्या खुणा आहेत. मी पायांकडं बघत होते. खुर्च्यांच्या ढिगाला तो एकदाही धडकला नाही. म्हणजे गवताच्या फटीतून त्याला दिसत होतं. एका बाईनं त्याला घाम पुसायला कापड दिलं ते त्यानं न चाचपडता घेतलं. मी हे सगळं मनात जमा करत होते आणि तेवढ्यात तो केतकीसमोर येऊन थांबला.

त्यानं तिला कवेत घेतलं. एका खांद्याला, मग दुसऱ्या खांद्याला. इरासीबाईनं लाह्यांची ओंजळ केतकीच्या डोक्यावरून, खांद्यांवरून, पाठीवरून खाली सोडली. आणि केतकी रडली. हुंदके देऊन, नाक गळेपर्यंत, मोठ्यानं. अनिरुद्धला नेलं त्या दिवशी ती रडली नव्हती. मी तिच्याजवळ राहिले त्या तीन महिन्यांत, मी पाठीवरून हात फिरवला तरी, रडली नव्हती. माझ्या मांडीवर जे झालं नाही ते बॉयलरवाल्याच्या गवतात झालं. मला फार राग आला, आणि त्या रागाखाली फार वाईट वाटलं. माझ्याही अंगावर लाह्या पडल्या होत्या, त्या मी झटकत बसले.

सगळं संपल्यावर जेवणं झाली. केळीच्या पानावर सगळं थोडं थोडं, हातानं खायचं. तिथली निम्मी माणसं भाताचा घास करताना अवघडली होती. मी व्यवस्थित जेवले. मग हॉल रिकामा करायची घाई. मी किचनमध्ये पातेली पुसत होते, इरासीबाई शेजारी येऊन उभी राहिली.

"केतकीनं सांगितलं, तुम्हाला मुलगा नाही," ती म्हणाली.

मी तयारच होते. "नाही."

"बरं झालं. त्याच्या पोटाची मला काळजी लागली होती."

ती हसली नाही. मीही नाही. पातेलं मात्र मी जरा जास्तच पुसलं.

मग ती म्हणाली, "तिचं डोकं तुम्ही घडवलंत. मी नाही. आमच्या घराची रीत अशी आहे की आई जिवंत असेल तर तिला विचारल्याशिवाय डोक्याला हात लावत नाही. तुमची परवानगी आहे का?"

यात काय डाव असेल ते मला उमगेना. मला वाटलं होतं ती गळ घालेल, देवीचा कोप सांगेल, केतकीचं वाईट होईल म्हणेल. त्या सगळ्याला मी उत्तरं तयार ठेवली होती.

"नाही," मी म्हटलं. "माझी परवानगी नाही."

"ठीक आहे," ती म्हणाली. बाहेर जाऊन तिनं केतकीला जवळ घेतलं आणि दोन वाक्यं बोलली. केतकीचा चेहरा उतरला. तिनं मान हलवली, पुन्हा लोटांगण घातलं आणि माझी पर्स उचलून गाडीकडं चालायला लागली.

वाटेत

परतताना मोटरवेवर चहाला थांबलो. कागदी ग्लासात पाणचट चहा, दुधाची वेगळी पुडी. ती पुडी फोडायला मला कधीच जमत नाही. यावेळी दूध माझ्या साडीवर उडालं. केतकीनं टिश्यूनं ते टिपलं आणि टिपता टिपताच विचारलं, "तुला कशाची भीती वाटते, आई? खरं सांग."

मग मी तिला नर्मदाआत्याबद्दल सांगितलं. माझ्या वडिलांची आत्या. लहानपणी गेला तिचा नवरा. मी बघितली तेव्हा म्हातारी होती, लाल आलवणात, डोक्यावरून पदर ओढलेली. ठरावीक दिवसांनी न्हावी मागच्या दारानं यायचा. आम्हा पोरांना पुढच्या अंगणात हाकलायचे. एकदा मी चोरून बघितलं होतं. ती भिंतीकडं तोंड करून बसली होती आणि न्हावी कुणाशीतरी पावसापाण्याच्या गप्पा मारत वस्तरा चालवत होता. नंतर ती दिवसभर जेवली नाही. हे मी केतकीला कधी सांगितलं नव्हतं. कशाला सांगायचं, असं वाटायचं.

"तू डोकं बांधून दिसलीस ना त्या दिवशी," मी म्हटलं, "मला आत्याच दिसली."

केतकीनं ओला टिश्यू घडी करून ठेवला. मग म्हणाली, "त्यांना कुणी विचारलं होतं का?"

"काय?"

"केस काढू का म्हणून."

"तिला कोण विचारणार? आठ नऊ वर्षांची होती."

"मला विचारलं. वर्षभर वाट बघितली. आणि शेवटी तुला पण विचारलं. तू नाही म्हणालीस, तर लगेच थांबले ते." तिचा आवाज चढला नव्हता. "अनिरुद्ध गेल्यापासून सगळे माझ्याशी बोलताना त्याच्याबद्दलच बोलतात. ऑफिसमध्ये पण. हाउ आर यू कोपिंग, म्हणजे त्याच्याशिवाय कशी आहेस. माईनं पहिल्या दिवशी विचारलं, तुझं डोकं दुखतं का. खरंच दुखायचं, आई. कुणी विचारलंच नव्हतं."

मला वाटलं, हीच तर यांची खुबी. दुखऱ्या माणसाला बरोबर हेरायचं. पण ते मी ओठांवर आणलं नाही. उरलेला चहा थंड झाला होता, तो तसाच टाकून आम्ही निघालो.

मिल्टन कीन्स, श्रावणी शुक्रवार

मी वाट बघत होते. आता त्या बाईचा फोन येईल, ताईस समजूत घालायला येईल. फोन आला नाही. ताईस आली, पण नेहमीसारखी डबा घेऊन, आणि माझ्याकडून थालीपीठ शिकून गेली. दीक्षेचं नावही कुणी काढलं नाही. एवढं शहाण्यासारखं वागणाऱ्या माणसांचा मला आणखीच संशय येतो.

शुक्रवारी तिथल्या मराठी मंडळींपैकी शलाकाकडं हळदीकुंकू होतं. शलाका पुण्याची, गोड मुलगी. मला दोनदा फोन करून बोलावलं. "काकू, तुम्ही नक्की या हं, इथं मोठं कुणी नसतंच." केतकी मला सोडायला आली. शुक्रवार म्हणून पांढऱ्यातच.

दार उघडल्यावर शलाकाची जरा गडबड उडाली. "अगं केतकी! ये ना तू पण. आय मीन, तुला ऑकवर्ड नको व्हायला म्हणून मी फोर्स नव्हते करत."

"नाही गं, मी गाडीत कॉल्स घेते," केतकी म्हणाली. इतक्या सहज म्हणाली, की हे आधी बऱ्याचदा झालंय ते मला कळलं.

आत दहा बारा बायका, पैठण्या, चाफ्याच्या वासाची उदबत्ती. मला खुर्ची दिली, हळदकुंकू लावलं, ओटी भरली. भिजवलेले हरभरे, केशराचं दूध, फराळ. सगळं आमच्या मिरजेसारखं, किंबहुना थोडं जास्तच. ओटीत नारळ पडला तसं मी म्हटलं, "माझी मुलगी बाहेर गाडीत बसलीय."

शलाकाचा चेहरा खरोखर कळवळला. "हो काकू, मला ठाऊक आहे. तिचा डबा मी पॅक करून ठेवलाय ना. दर वेळी देते."

तिचा हेतू वाईट नव्हता. या मुलीला आपण काही चुकीचं करतोय हे ठाऊकच नव्हतं, आणि म्हणूनच मला तिथं बसवेना. मी डबा घेतला. ओटी खुर्चीवर तशीच ठेवली आणि बाहेर आले. मागून कुणीतरी "काकू, नारळ!" म्हणून ओरडलं.

केतकीनं डबा उघडून हरभरे तोंडात टाकले. "छान झालेत ना? शलाका मीठ बरोबर घालते." तिच्या चेहऱ्यावर कसलाही राग नव्हता. मला तो असावा असं फार वाटलं. मी माझ्या कपाळावरचं कुंकू पुसलं की नुसता घाम पुसला, ते मलाच सांगता येणार नाही. घरी पोहोचेपर्यंत मी खिडकीबाहेर बघत होते आणि तिला वाटलं मला गोल वळशांनी मळमळतंय.

त्या रात्री मी ह्यांना फोन करून सांगितलं की ती येणार नाही. "भांडलीस?" त्यांनी विचारलं. म्हटलं, नाही.

हिथ्रो

निघायचा दिवस. केतकीनं माझ्या बॅगेत आणखी दोन चहाचे डबे आणि ह्यांच्या गुडघ्यांसाठी पट्टे कोंबले. वाटेत आम्ही हवेबद्दल बोललो, माझ्या सीटबद्दल बोललो, जेवण शाकाहारी सांगितलंय का याबद्दल बोललो. प्रवाशांना सोडायच्या जागी गाडी फार वेळ उभी करू देत नाहीत. तिनं घाईनं बॅग काढून दिली, मला घट्ट धरलं, आणि मी तिच्या खांद्यावरूनच विचारलं.

"ब्लेड कसलं वापरतात?"

"काय?"

"डोक्याला. वस्तरा असतो का ब्लेड? कुणाकुणाचं वापरलेलं असतं?"

ती मागं सरकून माझ्याकडं बघायला लागली.

"सीलबंद आणायचं," मी म्हटलं. "दुकानातून तू स्वतः आण. पाकीट तुझ्यासमोर फोडायला लाव. आधी स्पिरिटनं पुसायचं, आणि कुठं कापलं तर लगेच मला फोटो पाठव. आणि हे सगळं थोतांड आहे हे माझं मत कायम आहे, तेही सांग तुझ्या माईला."

"सांगते." तिचा हात तोंडावर होता. "आई, म्हणजे हो का?"

मागच्या गाडीनं हॉर्न दिला.

"म्हणजे ब्लेड नवीन आण," मी म्हटलं आणि बॅग ओढत आत गेले.